कोपरापासून जबलपूरपर्यंत

मराठीनं कोपराला फारसं काम दिलेलं नाही. कुणाला गमतीनं डिवचायचं असलं तर कोपरखळी, आणि कुणापुढे हात टेकायचे असले तर कोपरापासून नमस्कार. एवढ्यावर त्याची बोळवण. एके काळी मात्र हाच कोपर मोजमापाचा धनी होता. विहीर किती हात खोल, लुगडं किती हात लांब, हे ठरायचं ते कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या अंतरानं. पुढे फूटपट्ट्या आल्या, मीटर आले आणि कोपर मोजणीतून निवृत्त झाला.

असं आपल्याला वाटतं. पण हिरव्या कापडाच्या टेबलावर वाकून, हनुवटी क्यूला, म्हणजे खेळायच्या लांब काठीला, लावून स्नूकरचा फटका मारणाऱ्या खेळाडूकडे एकदा मागून पाहा. पाठीमागे उंच उचललेला तो कोपर त्या क्षणी जी मोजणी करत असतो, ती करायला यंत्रशाळेतल्या माणसाला मायक्रोमीटर हातात घ्यावा लागेल. आणि गंमत म्हणजे ज्याचा तो कोपर, त्याला तो दिसतसुद्धा नाही.

हा खेळ परदेशी वाटतो ना? मग भारताचा नकाशा उघडा आणि भंडाऱ्यावर बोट ठेवा. आता ते बोट नाकासमोर, सरळ उत्तरेकडे न्या. तुमसर मागे पडेल, महाराष्ट्राची हद्द संपेल, सातपुड्याचे डोंगर येतील आणि बोट जाऊन टेकेल जबलपूरपाशी. दोन्ही शहरांच्या रेखांशात पाव अंशाहून थोडाच जास्त फरक आहे. मधलं अंतर हवेतून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. त्या जबलपुरात १८७५ च्या पावसाळ्यात डेव्हनशायर रेजिमेंटच्या मेसमध्ये अडकून पडलेल्या अधिकाऱ्यांनी हा खेळ जन्माला घातला. बाहेर धो धो पाऊस, आत बिलियर्ड्सचं टेबल. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले ते वेगळे) लाल आणि काळ्या बॉलच्या जुन्या खेळात आणखी रंगांची भर घालून पाहिली. कुणीतरी सोपा बॉल चुकवला, तेव्हा चेंबरलेननं त्याला ‘स्नूकर’ म्हटलं. इंग्लंडच्या लष्करी विद्यालयात नवख्या पोराला हाच शब्द लावत. नवशिक्याला मारलेला टोमणाच खेळाचं नाव होऊन बसला.

भंडारा ते जबलपूर ही रेघ लक्षात ठेवा. थोड्या वेळानं तिचा उपयोग होणार आहे.

आधी टेबल पाहू. बारा फूट लांब, सहा फूट रुंद. आपल्याकडच्या अनेक खोल्यांमध्ये ते मावणारच नाही. त्यावरचा बॉल ५२.५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे चांगल्या टपोऱ्या लिंबाएवढा. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण ८५ मिलिमीटर. आता एक लांबचा सरळ फटका डोळ्यांपुढे आणा. पांढऱ्या बॉलपासून लाल बॉल दीड मीटरवर, लालपासून पॉकेट आणखी दीड मीटरवर, तिन्ही एका ओळीत. सोपं दिसतं. वाकडं काही नाहीच, सरळ मारायचं.

किती सरळ?

हिशेब उलटीकडून करू. पॉकेटमध्ये शिरताना लाल बॉल मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण सोळा-सोळा मिलिमीटर सरकला तरी चालतो. दीड मीटरच्या प्रवासात सोळा मिलिमीटर म्हणजे जेमतेम सहा दशांश अंशाची सूट. पण लाल बॉलला आपण थेट मारत नाही, पांढऱ्याकडून मारवतो. दोन गोल एकमेकांवर आदळतात तेव्हा आदळण्याच्या जागेतली बारीकशी चूक पुढे फुगून बाहेर पडते. लाल बॉलच्या दिशेत सहा दशांश अंशापेक्षा जास्त चूक नको असेल, तर पांढरा बॉल त्याच्यावर ठरल्या जागेपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर आदळायला हवा. आणि पांढरा तर दीड मीटरवरून येतोय! म्हणजे त्याच्या दिशेत चुकायची मुभा किती? एका अंशाचे पन्नास भाग करा. त्यातला एक.

एका अंशाचा पन्नासावा भाग म्हणजे काय, हे मनाला कळत नाही. इथे ती रेघ कामाला येते. समजा, भंडाऱ्याहून कुणी जबलपूरच्या दिशेनं एक बॉल मारला आणि त्याच्या दिशेत नेमकी एवढीच चूक राहिली. सव्वादोनशे किलोमीटर कापून, वैनगंगेचं खोरं आणि सातपुडा ओलांडून तो बॉल जबलपूरला पोचेल तेव्हा किती बाजूला पडेल? साधारण ऐंशी मीटर. एका शहरातून निघून दुसऱ्या शहरातल्या ठरलेल्या गल्लीत पोचण्याइतका नेम! स्नूकरपटूला लांबच्या प्रत्येक सरळ फटक्याला हाच नेम धरावा लागतो.

आता हा नेम हातापर्यंत आणू. क्यूच्या पुढच्या टोकाजवळ डाव्या हाताचा टेकू असतो, त्याला ब्रिज म्हणतात. उजव्या हाताची पकड त्याच्या सुमारे एक मीटर मागे. ब्रिज जागचा हलत नाही, म्हणून क्यू त्याच्यावर तराजूच्या दांडीसारखा फिरतो. मागची पकड बाजूला सरकली की पुढची दिशा बदलली. ती किती सरकली तर बॉल चुकेल? मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून जराशी जास्त. भंडाऱ्याच्या तांदळाचा एक दाणा चिमटीत धरा. त्याच्या जाडीचा पाचवा हिस्सा कल्पनेनं कापा. पकड तेवढी डावी-उजवीकडे गेली की बॉल पॉकेटच्या तोंडाशी कड घासून बाहेर!

हे कोण सांभाळतं? मनगट? बोटं? ती मदत करतात. पण पकडणारा हात ज्याला टांगलेला असतो तो कोपर. तो कुठे आहे आणि कुठे चाललाय यावर बाकी सगळं ठरतं.

कोपर म्हणजे बिजागरी, हे शाळेत शिकवतात. दंडाचं हाड आणि पुढच्या हाताचं एक हाड एकमेकांत इतकी छान बसतात की दारासारखी उघडझाप होते, इकडेतिकडे नाही. फटका मारायला वाकलेल्या खेळाडूचा दंड साधारण आडवा असतो आणि कोपरातून पुढचा हात खाली लोंबत असतो, घड्याळाच्या लंबकासारखा. हात मागे नेला की कोपर थोडा उघडतो, पुढे आणला की मिटतो. दंडातला स्नायू आखडतो, लंबक पुढे झेपावतो, क्यू बॉलवर.

मग बिजागरीचं दार सरळच हलणार, अडचण कुठे आली? आली. हात शरीराजवळ सरळ सोडून, तळवा पुढे करून आरशासमोर उभे राहा. कोपरापासून खालचा हात दंडाच्या रेषेत नाही, किंचित बाहेर कललेला दिसेल. कुणाचा पाच अंश, कुणाचा दहा, कुणाचा पंधरा. सरासरीनं बायकांचा थोडा जास्त. म्हणजे निसर्गानं आपल्या दारांची बिजागरी मुळातच किंचित तिरपी बसवली आहे आणि प्रत्येकाची वेगळी! त्यात पुढच्या हातात हाडं दोन. त्यातलं एक दुसऱ्याभोवती फिरतं, म्हणून आपण किल्ली फिरवू शकतो, पोळी उलटू शकतो. आणि म्हणूनच फटका मारताना नकळत क्यूही पिळू शकतो.

मला वाटतं, ‘कोपर असाच ठेव’ असा एकच साचा सगळ्यांच्या गळ्यात मारणाऱ्यांनी हा आरसा एकदा पाहावा. खांदा, कोपर, पकड आणि क्यू हे मागून पाहिलं तर एका उभ्या पातळीत यावेत, हे खरं. पण त्यासाठी कुणाला पाय थोडा बाहेर टाकावा लागेल, कुणाला मान वळवावी लागेल, कुणाला पकड जराशी फिरवावी लागेल. कोपर बाहेर निघालेला दिसला म्हणून तो दाबून आत घेतला, तर बहुतेक वेळा खांदा बंड करतो. कोपर हलवायचा असेल तर पायापासून सुरुवात करावी लागते.

ही झाली डावी-उजवीची गोष्ट. खरी मौज वर-खालीत आहे.

क्यू कसा जायला हवा? सरळ, आडवा, इंजिनाच्या दट्ट्यासारखा. लंबकाचं टोक कसं जातं? वर्तुळात. आता काय करायचं! गोल फिरणाऱ्या सांध्याकडून सरळ रेघ काढून घ्यायची आहे. कोपरापासून पकडीपर्यंत ३५ सेंटीमीटर धरू. कोपर खिळ्यानं ठोकल्यासारखा स्थिर ठेवून हात १५ सेंटीमीटर मागे नेला, तर पकड जवळजवळ साडेतीन सेंटीमीटर वर उचलली जाते. क्यूचं शेपूट वर, पुढचं टोक खाली.

हे कोडं फक्त स्नूकरचं नाही. जेम्स वॉटला हेच पडलं होतं. त्याच्या वाफेच्या इंजिनातला दट्ट्या सरळ वर-खाली जायचा आणि त्याला जोडलेला भलाथोरला दांडा मात्र कमानीत झुलायचा. दोघांना जोडलं की एक दुसऱ्याला वाकवायला बघणार. वॉटनं १७८४ मध्ये काही दांड्यांची अशी जुळणी केली की एकाची कमान दुसऱ्याच्या कमानीनं खोडली जावी आणि मधला एक बिंदू जवळपास सरळ रेषेत चालावा. ‘जवळपास’ हा शब्द महत्त्वाचा. वॉटची रेघ पुरती सरळ नव्हती. सांध्यांच्या जोडणीतून तंतोतंत सरळ रेघ काढण्याची युक्ती सापडायला आणखी ऐंशी वर्षं गेली. तरीही म्हातारपणी वॉटनं मुलाला कळवलं होतं की आपल्या सगळ्या यांत्रिक शोधांत या जुळणीचा आपल्याला सर्वाधिक अभिमान वाटतो. वाफेच्या इंजिनापेक्षाही! आपल्या त्या भंडारा-जबलपूर रेघेच्या भागात विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून जबलपूरला नॅरोगेजची छोटी गाडी सुरू झाली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा १९९९ मध्ये झाला. त्या गाडीची इंजिनं सरळ धावणाऱ्या दट्ट्यातून चाकाचं गोल फिरणं काढत सातपुडा चढायची. स्नूकरपटूचं काम उलट्या बाजूचं: गोलातून सरळ.

मग तो वॉटची जुळणी कुठून आणतो? बोटांतून. चांगल्या खेळाडूची मागची पकड जवळून पाहा. हात मागे जाताना करंगळी आणि तिच्या शेजारची बोटं उघडतात, क्यू अंगठा आणि तर्जनीच्या कोंदणात नुसता टांगलेला राहतो. पकड साडेतीन सेंटीमीटर वर जाऊ पाहते, उघडणारी बोटं त्यातलं पुष्कळसं गिळून टाकतात आणि क्यू आडवाच राहतो. हात पुढे येतो तशी बोटं पुन्हा मिटतात, बरोबर वेळेवर. मूठ आवळून धरणाऱ्या नवशिक्याचा क्यू म्हणूनच डोंबाऱ्याच्या काठीसारखा डोलतो. दोष कोपराचा दिसतो, सापडतो मात्र करंगळीत.

आणि निसर्गानं लंबकालाही एक देणगी दिली आहे. झोका आठवा. वरच्या टोकाला तो झपाट्यानं उचलला जातो, पण अगदी तळाशी क्षणभर जमिनीला समांतर धावतो. वर्तुळ तळाशी जवळजवळ सपाट असतं. आपल्या ३५ सेंटीमीटरच्या लंबकाला तळापासून तीन सेंटीमीटर अलीकडे किंवा पलीकडे नेलं, तर उंचीत फरक पडतो फक्त सव्वा मिलिमीटरचा. पंधरा सेंटीमीटरला साडेतीन सेंटीमीटर आणि तीनला सव्वा मिलिमीटर! अंतर पाचपट कमी केलं तर चूक पंचवीसपटीहून जास्त घटली. म्हणून जुनी शिकवण सांगते की टोक बॉलला टेकणार त्या क्षणी पुढचा हात कोपराखाली ओळंब्यासारखा उभा असावा. गवंड्याचा ओळंबा भिंतीसाठी, हा फटक्यासाठी. आघात या सपाट तळाशी झाला की कोपराच्या बारीकसारीक चुका आपोआप माफ होतात.

आता वादाचा मुद्दा. फटका मारताना कोपर खाली पडू द्यावा की नाही?

जुन्या पठडीचं उत्तर ठाम: कोपर खिळलेला हवा. पण मोठे खेळाडू जोराचा, लांबचा फटका मारतात तेव्हा शेवटी अनेकांचा कोपर सरळ खाली उतरलेला दिसतो. मग खरं कोण?

यासाठी आपण उखळापाशी जाऊ. मुसळानं धान कांडणारी बाई आठवा, किंवा आजीनं केलेलं वर्णन आठवा. मुसळ कसं जातं? सरळ वर, सरळ खाली. कोपर खिळवून ठेवला असता तर ते कमानीत झुललं असतं आणि उखळाच्या काठावर आदळलं असतं. ती कोपराबरोबर खांदाही हलवते. एकाची कमान दुसऱ्याची कमान खोडते. वॉटची जुळणी आपल्या अंगणात त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती! स्नूकरमध्ये कोपर खाली येतो तेव्हा हेच घडतं. कोपर मिटून पकड वर उचलू पाहतो, तेवढ्यात खांदा दंडाला खाली सोडतो, आणि हात पुढे आणखी काही अंतर सरळ रेषेत धावतो. कोपराचं हलणं पाप असतं, तर आपल्याला भात खायला मिळाला नसता.

मग कोपर हवा तसा पडू द्यायचा का? इथे सगळी गोम वेळेची आहे. समजा, बॉलला टेकण्याआधीच कोपर पडला आणि पकड दोन सेंटीमीटर खाली आली. ब्रिजच्या पुढे पाव मीटर क्यू, मागे एक मीटर. मागे दोन सेंटीमीटर खाली म्हणजे पुढे टोक पाच मिलिमीटर वर. तुम्हाला बॉलच्या खालच्या भागावर मारून तो उलटा फिरवत परत आणायचा होता, पण टोक लागलं मध्याजवळ. परत यायचा तो बॉल तिथेच थबकला. ताकद कमी पडली असं समजून पुढच्या वेळी तुम्ही आणखी जोर लावता. जोर लावला की कोपर आणखी लवकर पडतो. किती जण वर्षानुवर्षं या चक्रात अडकलेले असतील!

आणि टेकल्यानंतर पडला तर? आता मला या विषयात सगळ्यांत जास्त थक्क करणारी गोष्ट सांगतो. क्यूच्या टोकावरची चामड्याची टिप आणि बॉल यांची भेट किती वेळ चालते? सेकंदाचे हजार भाग करा, त्यातले एक-दोन. पापणी लवायला याच्या शंभरपट वेळ लागतो. तेवढ्यात क्यू काही मिलिमीटर पुढे सरकतो, बॉल निसटतो, संपलं. शरीरातली चपळात चपळ प्रतिक्षिप्त क्रियासुद्धा वीस-तीस सहस्रांश सेकंद घेते. म्हणजे ‘लागला’ हे तुमच्या मज्जारज्जूला कळेपर्यंत बॉल केव्हाच वाटेला लागलेला असतो. त्यानंतर कोपर पडो, उडो, गरबा खेळो, बॉलला त्याचा पत्ताही नाही.

तर मग प्रशिक्षक फटका संपल्यानंतरचा कोपर इतका निरखून का पाहतात? उत्तर सुंदर आहे. आघातानंतर लगेचच जी हालचाल दिसते, तिचा हुकूम मेंदूतून आघाताच्या आधीच सुटलेला असतो. हुकूम निघून स्नायू आखडेपर्यंतच वेळ जातो. त्यामुळे बॉल गेल्यानंतरचा कोपर म्हणजे आधी काय ठरलं होतं त्याची साक्ष. रात्री तारा पाहतो तेव्हा आपण त्याचा जुना प्रकाश पाहतो ना, तसं. फटक्यानंतर कोपर शांतपणे, क्यूच्या रेषेत खाली उतरला असेल तर आधीही सगळं ठीक होतं. तो हिसक्यानं बाहेर फेकला गेला असेल, तर बिघाड बॉल लागण्यापूर्वीच सुरू झाला होता.

म्हणजे कोपर ‘दुरुस्त’ करायचा तर ज्या क्षणी तो दिसतो त्याच्या आधीचा क्षण दुरुस्त करायचा. आणि तोही न बघता, कारण खेळाडूचे डोळे बॉलवर आणि कोपर डोक्यामागे. मग त्याला कळतं कसं, कोपर कुठे आहे? डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावा. लागलं? स्नायूंच्या आत बारीक चात्यांसारखे संवेदक विणलेले असतात. स्नायू किती ताणलाय, किती वेगानं ताणतोय, हे ते सतत कळवत राहतात. मेंदू त्यावरून न पाहिलेल्या हाताचा नकाशा काढतो.

हा नकाशा फसतोही. १९७०च्या दशकात शास्त्रज्ञांनी डोळे बांधलेल्या माणसांच्या दंडाच्या स्नायूवर कंप पावणारं यंत्र धरलं. हात जागचा हलला नव्हता, तरी त्या माणसांना वाटत होतं की आपला कोपर उघडत चाललाय! कंपनानं संवेदक चाळवले आणि मेंदूनं त्यांच्यावर विश्वास ठेवला. स्नायू थकले तरी असाच गोंधळ होतो. म्हणून ‘मी कोपर अजिबात हलवला नाही’ असं छातीठोक सांगणारा खेळाडू खोटं बोलत नसतो. त्याला तसंच वाटलेलं असतं.

यावर आजच्याइतका स्वस्त उपाय पूर्वी कधी नव्हता. खिशातला फोन. एकदा बाजूनं आणि एकदा मागून, कोपराच्या उंचीवर ठेवून चित्रण करा. सावकाश दाखवणारं चित्रण सेकंदाला २४० चित्रं घेतं, म्हणजे दोन चित्रांमध्ये साधारण चार सहस्रांश सेकंद. गंमत बघा, टिप आणि बॉलची अख्खी भेट दोन चित्रांच्या फटीत हरवूही शकते! पण कोपर हरवत नाही. बॉल हलण्याआधीचं शेवटचं चित्र थांबवून पाहा. पुढचा हात उभा आहे का? कोपर सुरुवातीला होता तिथेच आहे का? पडायला लागला असेल तर नेमका कितव्या चित्रात? अंदाजावर वाद घालण्यापेक्षा ही मोजणी बरी.

दोष सापडला, आता कोपराकडे लक्ष ठेवून खेळायचं? नाही, आणि हेही नवलच आहे. गॅब्रिएले वुल्फ या संशोधिकेनं १९९० च्या दशकात दाखवायला सुरुवात केली की शिकताना लक्ष स्वतःच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा त्याच्या परिणामावर ठेवलं, तर माणसं जास्त चांगली शिकतात. ‘कोपर स्थिर ठेव’ म्हटलं की सगळा हात ताठरतो. ‘क्यूचं टोक बॉलमधून आरपार त्या रेषेवर ने’ म्हटलं की कोपर स्वतःच वाट शोधतो.

तो वाट शोधतो कसा, हे कळायला आपण पुन्हा भंडाऱ्यात येऊ. हे पितळेचं शहर. पितळेच्या भांड्यावर हातोडीचे ठोके देणारा कारागीर पाहिला असेल तर आठवा. एकाशेजारी एक, एकाच खोलीचे, सारख्या अंतराचे ठोके. त्याचा कोपर प्रत्येक वेळी एकाच वाटेनं जात असणार, नाही का?

१९२० च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइन या संशोधकानं नेमका हाच प्रश्न विचारला. छिन्नीवर हातोडी मारणाऱ्या कसलेल्या कामगारांच्या हाताच्या सांध्यांवर आणि हातोडीवर त्यानं इवलेसे दिवे बांधले आणि त्यांच्या वाटांची छायाचित्रं घेतली. हातोडीचं टोक प्रत्येक वेळी जवळजवळ त्याच वाटेनं छिन्नीवर उतरत होतं. पण खांदा आणि कोपर दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेनं! खांदा जरा जास्त गेला तर कोपर जरा कमी जायचा, कोपर चुकला तर मनगट सावरायचं. सांधे आपसांत चुका वाटून घेत होते आणि हातोडीपर्यंत त्या पोचू देत नव्हते. कसब एका सांध्यात राहत नाही, ते या आपसांतल्या समजुतीत राहतं.

आता स्नूकरमधल्या सर्वोच्च कामगिरीकडे बघा. एका दमात १४७ गुण: पंधरा लाल, प्रत्येकानंतर काळा, मग सहा रंग. लागोपाठ छत्तीस बॉल पॉकेटमध्ये, एकही चूक नाही. मुंबईच्या आदित्य मेहतानं २०१४ मध्ये जर्मनीतल्या पॉल हंटर क्लासिक स्पर्धेत हे केलं. व्यावसायिक स्पर्धेत ते करणारा तो पहिला भारतीय. छत्तीस वेळा तो कोपर लंबक झाला, आणि बर्नस्टाइनचं खरं मानायचं तर छत्तीस वेळा थोडा वेगळा लंबक झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९५८ मध्ये, पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सनं कलकत्त्यात बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद मिळवलं. कुठल्याही खेळात वैयक्तिक विश्वविजेता होणारा पहिला भारतीय म्हणून त्याचं नाव घेतात. १९६४ मध्ये तो पुन्हा जिंकला. पुण्यातच १९८५ मध्ये जन्मलेल्या पंकज अडवाणीच्या नावावर दोन्ही खेळांत मिळून पंचवीसहून अधिक जागतिक किताब आहेत. या तिघांपैकी कुणाच्या काळात स्लो मोशनचे फोन होते, कुणाच्या नव्हते. पण एक जुनी परीक्षा सगळ्या काळात तीच राहिली आहे आणि तिला फोन लागत नाही.

टेबलाच्या मध्यरेषेवर एकामागोमाग एक खुणा असतात: तपकिरी बॉलची, निळ्याची, गुलाबीची, काळ्याची. बाकी सगळे बॉल उचलून ठेवा. पांढरा तपकिरीच्या खुणेवर ठेवा. कोपराचा विचार सोडा. बॉल निळ्या, गुलाबी, काळ्या खुणेवरून जाऊन समोरच्या कडेच्या गादीला लागेल आणि त्याच खुणांवरून परत येईल, एवढ्या जोरानं मधोमध मारा. आणि मग हलू नका. क्यू जिथे थांबला तिथेच राहू द्या, कोपर जिथे उतरला तिथेच. बॉल जाताना सरळ दिसेल, जाताना सगळ्यांचाच दिसतो. गादीला लागून तो वळतो. मधोमध लागला नसेल, तांदळाच्या दाण्याच्या तुकड्याएवढा जरी बाजूला लागला असेल, तरी अंगात भरलेली गिरकी आता गादीवर उघडी पडते आणि बॉल रेषा सोडून बाजूला निघतो. लागला असेल मधोमध, तर काळी खूण, गुलाबी, निळी, तपकिरी, एकेकीवरून तो सावकाश परत येतो आणि तुम्ही अजून धरून ठेवलेल्या क्यूच्या टिपला हलकेच येऊन टेकतो. टक्.